घुंगरातलं पाणी

विरजण लावताना दूध कोमट असावं. बोट बुडवून पाहावं. चटका बसला तर थांबावं. विरजण चमचाभर पुरतं. आपल्याकडचं संपलं असेल तर शेजारून आणावं. शेजारीण नाही म्हणत नाही.

*

नियम १९. जैवपटल फक्त नगरपालिकेच्या प्रयोगशाळेतून घ्यावे. एका युनिटचे जैवपटल, त्याचा तुकडा किंवा खरवड दुसऱ्या युनिटास देता येणार नाही.

*

पैंजणाच्या एका जोडीत चौऱ्याऐंशी घुंगरं. प्रत्येक घुंगरू आतून पोकळ, खाली बारीक फट. फटीतून आवाज बाहेर येतो आणि पाणी आत जातं.

*

कुणाल शिंगेचं दर मंगळवारी डोकं दुखायचं. मंगळवारी चहा उशिरा मिळतो म्हणून, असं तो सांगायचा.

*

“आपल्या युनिटचा आकडा अडुसष्ट आहे. अभिनंदन. आकडा चाळीसच्या वर असल्याने तक्रार नोंदवता येत नाही. मुख्य यादीकडे जाण्यासाठी शून्य दाबा.”

*

कडू बदामाचा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही. येत नाही हे त्यांना सहसा कळतही नाही.

*

रूपेवाडीत चांदीचे पैंजण होतात. गावात अडतीस युनिटं आहेत. कुठं तार ओढतात, कुठं घुंगरं उजळतात, कुठं तयार पैंजणाला चांदीचा शेवटचा मुलामा देतात. सगळ्यांचं सांडपाणी नगरपालिकेच्या भुयारी गटारात जातं. गटारात सोडण्याआधी त्यावर युनिटातच पूर्वप्रक्रिया करायची, असा नियम आहे. ॲसिड मारायचं, सायनाइड मोडायचं, धातू तळाशी बसवायचा, मग पाणी सोडायचं. नियम जुना. तो पाळला जातो की नाही हे बघायची रीत नवी, २०३६ सालची.

त्याआधी महिन्यातून एकदा पालिकेचा माणूस बाटली घेऊन यायचा. तो येणार हे गावाला आदल्या दिवशी कळायचं आणि त्या दिवशी सगळ्यांचं पाणी नितळ असायचं.

मग जैवपटल आलं. तळहाताएवढी कार्बनची पाटी, तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर. सांडपाण्यात काही जिवाणू असे असतात की ते घाण खातात आणि खाता खाता इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. पाटी ते इलेक्ट्रॉन गोळा करते. जिवाणूंचं जेवण चालू असलं की पाटीतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. पाण्यातून विष आलं की जेवण थांबतं आणि काही मिनिटांत प्रवाह पडतो. या प्रवाहाचं शून्य ते शंभर असं माप ठरवलं. त्याला सगळे ‘आकडा’ म्हणू लागले. आकडा चाळीसच्या खाली गेला की गटाराकडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद. मग नवं जैवपटल रुजेपर्यंत एकवीस दिवस युनिट बंद. बाटली गेली, माणूस गेला, आदला दिवसही गेला.

जैवपटल हा शब्द कागदावरच राहिला. ते दिसायचं दुधावरच्या सायीसारखं, म्हणून गाव त्याला साय म्हणायचं. टाक्या सांभाळणाऱ्या बायका सायवाल्या झाल्या.

*

आम्रपाली शिंगे बाहुबली चौगुले यांच्या प्लेटिंग युनिटात सायवाली होती. वय छत्तीस. ती आणि तिचा धाकटा भाऊ कुणाल एका घरात राहत. कुणाल पालिकेत, गटार विभागात.

तिची साय कधी मेली नाही. पहिल्या दोन वर्षांत गावातल्या प्रत्येक युनिटची साय एकदा तरी मेली, काहींची चार-चारदा. चौगुल्यांचा आकडा पहिल्या चार महिन्यांत थोडा खालीवर झाला, मग पन्नासच्या वर जाऊन बसला आणि तिथून हललाच नाही. दारावर पालिकेचा हिरवा बिल्ला लागला. लोक म्हणत, हिच्या हाताला गुण आहे. तीही तसंच समजत असावी.

२०३८ च्या ऑगस्टात रेश्मा मुल्लाणीचा फोन आला. रेश्मा गावाच्या दुसऱ्या टोकाला, घुंगरं उजळायच्या युनिटात सायवाली होती. तिथं प्लेटिंग नव्हतं. पितळी घुंगरं ॲसिडात बुडवून लख्ख करत.

“आमू, माझी परत मेली गं.”

“कितवी?”

“चौथी. व्हॉल्व्ह पडायच्या आधी पाटी काढून घेतली मी, दुरुस्तीचं बटण दाबून. आता तीन दिवसांत आकडा आला न्हाई तर एकवीस दिवस टाळं. अकरा बायका बसतील घरात. तुझं थोडं विरजण दे की.”

“देता येत न्हाई, रेश्मा. एकोणीस नंबर.”

“एकोणीस नंबर लिवणाऱ्यानं कधी शेजारून दही आणलं न्हाई वाटतं.”

आम्रपाली हसली. मग तिनं लाकडी चमच्यानं पाटीच्या कडेची साय खरवडली, जेवणाच्या छोट्या डब्यात तिच्याच टाकीतलं कोमट पाणी घालून त्यात सोडली आणि झाकण लावलं. डबा तासाभरात पोचला. तिसऱ्या दिवशी रेश्माचा आकडा पंचावन्न होता.

रेश्मानं कुणाला सांगितलं नाही. फक्त बहिणीला, नणंदेला आणि शेजारच्या युनिटातल्या दोघींना सांगितलं.

*

नंतरचे डबे ज्यांना हवे होते त्यांनी येऊन नेले. कुणी मसाल्याच्या डब्यातली वाटी आणायचं, कुणी औषधाची बाटली. दिवेलागणीनंतर कुणी आलं तर आम्रपाली म्हणायची, सकाळी ये. हे नियमात नव्हतं, पण दिवे लागल्यावर विरजण कुणी देत नाही. २०४१ पर्यंत तिनं सव्वीस युनिटांना साय दिली होती. तिला सव्वीसही नावं पाठ होती.

गावातले व्हॉल्व्ह पडायचे थांबले. सलग चौदा महिने एकही युनिट बंद झालं नाही. पालिकेनं पाण्याच्या बाटल्या तपासणारी प्रयोगशाळा आवरती घेतली. तिथं आता फक्त साय रुजवतात आणि तिलाही कुणी मागायला येत नव्हतं. आणि नियम २७ मध्ये एक दुरुस्ती झाली.

*

नियम २७ (सुधारित). मुख्य वाहिनीवरील चेंबर उघडतेवेळी तेथील जैवपटलाचा आकडा चाळीसच्या वर असल्यास वायुमापक व मुखवटा यांचा वापर ऐच्छिक राहील.

*

शनिवार, ५ ऑक्टोबर २०४१. सकाळी नऊच्या सुमारास चौगुल्यांच्या युनिटात एक नळी निसटली.

चांदीच्या प्लेटिंगचं पाणी सायनाइडचं असतं. प्लेटिंगनंतर पैंजण साध्या पाण्यात धुतात, ते धुवण पहिल्या टाकीत येतं, तिथं त्यात क्लोरीनचं पाणी पडतं आणि सायनाइड मोडतं. क्लोरीनच्या पाण्याला सगळे हायपो म्हणत. निसटली ती हायपोची नळी. हायपो पाच तास टाकीबाहेरच्या नाल्यात गळत राहिला आणि धुवण जसंच्या तसं गटारात गेलं.

आम्रपालीच्या हे दुपारी दोनला लक्षात आलं. ती आधी नळीकडे गेली नाही, आकड्याकडे गेली. व्हॉल्व्ह बंद असणार हे ती धरूनच चालली होती.

व्हॉल्व्ह उघडा होता. आकडा एकाहत्तर होता. सकाळी तो छप्पन्न होता.

बाहुबली चौगुले, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, खुर्चीत बसून पैंजणाचे हुक तपासत होते.

“अण्णा, पाच तास हायपो न्हवता टाकीत.”

“आकडा किती?”

“एकाहत्तर.”

“मग तोंड का पाडलंयस?”

“पडाय पायजे होता. वाढला.”

“वाढला म्हणजे चांगलंच की. नळीला क्लिप लाव आन चहा सांग.”

तिनं क्लिप लावली. चहाही सांगितला.

*

रविवारी युनिट बंद असतं. ती दुपारी बाराला एकटी गेली. साय धरलेली सुटी पाटी घेतली, स्टीलच्या डब्यात सायनाइड नसलेलं सांडपाणी घेऊन त्यात बुडवली, आकडा लावला. त्रेपन्न. मग तिनं प्लेटिंगच्या धुवणाचा एक थेंब टाकला.

चौपन्न. सत्तावन्न. एकसष्ट.

आणखी एक थेंब. सहासष्ट.

तिनं घड्याळ लावून अर्धा तास थांबून पाहिलं. आकडा खाली आला नाही. तिनं खुंटीवर टांगलेला पैंजण घेतला, पांढऱ्या बशीवर उलटा धरला आणि झटकला. धुऊन, टांगून, वरून वाळलेला तो पैंजण. बशीत सतरा थेंब पडले. एरवी हे पाणी फरशीवरून, पहिली टाकी चुकवून, सायीच्या टाकीत जायचं.

*

विष हे प्रमाणावर असतं, हे खरं आहे. सायनाइड एकदम आलं तर साय मरते. पण रोज, थोडं थोडं, घुंगराघुंगरातून ठिबकत आलं तर सगळे जिवाणू मरत नाहीत. ज्यांना ते सोसतं ते उरतात आणि वाढतात. जिवाणूंची पिढी अर्ध्या तासाची असते. चार महिन्यांत हजारो पिढ्या होतात. सायनाइड म्हणजे शेवटी कार्बन आणि नायट्रोजन. त्या हजारो पिढ्यांत कधीतरी एका कुळाला ते मोडून खाता येऊ लागलं. त्यानंतर चौगुल्यांच्या पाटीवर तेच कूळ राहिलं. त्याला सायनाइड मिळालं की ते जास्त जेवतं आणि आकडा वाढतो.

तळहाताएवढी साय वाहतं गटार साफ करू शकत नाही. ती आपल्यापुरतं खाते. बाकीचं पुढं जातं.

पुढं चौदा नंबरचं चेंबर आहे. सगळ्या युनिटांच्या वाहिन्या तिथं मिळतात. सायनाइड अल्कलीच्या पाण्यात असेपर्यंत विरघळून राहतं. त्यात ॲसिड मिसळलं की त्याचा वायू होतो आणि पाण्यातून वर येतो. रंग नाही. वास कडू बदामासारखा, ज्यांना येतो त्यांना. ॲसिड रेश्माच्या युनिटातून येतं, आणि तिच्या पाटीवरची साय ॲसिडाच्या लहानसहान झटक्यांना दाद देत नाही, कारण ती जाड आणि चिवट आहे, कारण ती आम्रपालीची आहे. चौदा नंबरमध्येही एक पाटी आहे. ती पालिकेची. पण वरून तीन वर्षं जे जिवाणू वाहत आले तेच तिच्यावर बसले असणार.

चेंबरमध्ये आता माणूस उतरत नाही. यंत्राचा हात उतरतो. मात्र तो हात आत सोडणारा माणूस झाकण उघडून भोकावर वाकतो. चौदा नंबरवर दर मंगळवारी सकाळी दहाला तो माणूस कुणाल असतो.

*

ती घरी आली तेव्हा कुणाल जेवत होता.

“मंगळवारी डोकं दुखतं ते नक्की कधी चालू होतं?”

“हे काय मधीच?”

“सांग.”

“अकराच्या पुढं. चहा प्याला की उतरतं.”

“चहानं उतरत न्हाई. चेंबरपासून लांब जातोस म्हणून उतरतं.”

तिनं डबा, थेंब, आकडा सगळं सांगितलं. कुणालनं भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला.

“कडू बदामासारखा वास येतो कधी तिथं?” तिनं विचारलं.

“गटाराचा वास येतो, अक्का. गटार हाय ते. बदामाचा शिरा न्हवं.”

“मंगळवारी मास्क घाल. मीटर घे.”

“मास्क घातला की सगळे म्हणत्यात, नवरदेव आला, मुंडावळ्या बांधा.”

“म्हणू देत.”

“बरं, मी घालतो. बाकीचे सहा? त्यातले दोघं पलीकडच्या पाळीत आठ नंबर उघडत्यात. तिथं कोण सांगणार? आन काय म्हणून सांगणार? आकडा सत्तर दिसतोय समोर.” त्यानं भाकरी खाली ठेवली. “आमच्या हणबर बाईंना सांगाय पायजे.”

“माझं सायवालीचं सर्टिफिकेट जाईल.”

“जाईल की. आन मीपण त्यात हाय.”

“तू कशात न्हाईस.”

“अक्का—”

“तू कशातच न्हाईस, कुणाल. जेव.”

दुपारी तिनं पालिकेच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. यंत्राच्या आवाजानं तिचं अभिनंदन केलं. तिनं शून्य दाबलं. मुख्य यादीत चार पर्याय होते आणि चारांपैकी कोणताही पर्याय असा नव्हता की आकडा चांगला आहे आणि तोच चुकीचा आहे.

*

ईश्वरी हणबर पालिकेची जलअभियंता. तिशीची, कामाला नेमकी, आवाज न चढवणारी. सोमवारी सकाळी साडेदहाला आम्रपाली तिच्यासमोर बसली.

“मॅडम, समजा एखाद्या युनिटचा आकडा खोटा आहे, असं कुणी सांगितलं तर?”

“आकडा खोटा नसतो. पाटी बिघडली तर शून्य दाखवते.”

“पाटी नाही बिघडली. सायच बिघडलीय.”

ईश्वरीनं पेन बाजूला ठेवलं. “तुमच्या युनिटची?”

“समजा म्हटलं.”

“समजा, तर मला पाण्याचा नमुना घ्यावा लागेल. नमुन्याची मंजुरी आकडा पडल्याशिवाय मिळत नाही. दोन वर्षं झाली हे होऊन. आणि एका युनिटचा पडला तर त्या एकाच युनिटचा नमुना. तेवढंच.”

“आणि चौदा नंबरचं काम थांबवायचं असेल तर?”

“त्याला एकतीस नंबर आहे.” ईश्वरीनं पडद्यावर नियम काढून तिच्याकडे वळवला. एकाच दिवशी दहा किंवा अधिक युनिटांचा आकडा चाळीसच्या खाली गेल्यास मुख्य वाहिनीवरील सर्व कामे तत्काळ थांबवावीत व सर्व वाहिन्यांचे नमुने घ्यावेत. “अजून कधी वापरायची वेळ आली नाही. येऊ पण नये.”

“दहा.”

“दहा.”

आम्रपाली उठली. दारापाशी ईश्वरीनं विचारलं, “तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?”

“उद्या सांगते,” आम्रपाली म्हणाली.

*

सोमवारी अकरा ते सहा ती फिरली. दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत. सांगायला जाण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं, तरी तिनं सहालाच थांबायचं ठरवलं. सांगणं सोपं होतं. उद्या सकाळी सव्वानऊ ते पावणेदहाच्या मध्ये चहाच्या भांड्यात पाणी उकळवायचं आणि सायीवर ओतायचं. पाटी खराब होत नाही, साय शिजते, आकडा पडतो. दहा जणी पुरेत. जितक्या जास्त तितकं बरं.

कुणी लगेच हो म्हटलं. कुणी मालकाला विचारते म्हटलं, म्हणजे नाही. एकीनं चहा दिला आणि चहा संपेपर्यंत विषयच काढू दिला नाही. एकजण म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे म्हणत होते ना सगळे. ते ऐकून आम्रपाली तिथून निघाली.

शेवटी रेश्मा. ती टाकीपाशी पाटावर बसून पाण्यातलं ॲसिड बघायच्या कागदी पट्ट्या कापत होती.

“दिलेलं विरजण परत मागतात व्हय गं?”

“परत न्हाई मागत. ओतून टाक म्हणतीय.”

“दिवाळी सतरा दिवसांवर. एकवीस दिवस टाळं. हिशेब कर.”

“केला.”

“कुणालला सांग मास्क घालाय. त्याच्या जोडीदारांनाबी सांग.”

“नियमानं म्हटलंय, गरज न्हाई. गरज न्हाई म्हटल्यावर उन्हात कोण घालतंय? तू तरी हातमोजे घातलेत का आता?”

रेश्मानं आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं पिवळी पडली होती.

“तुझं सायनाइड,” ती म्हणाली, “आन भोगायचं माझ्या बायकांनी.”

“तुझं ॲसिड पण हाय त्यात.”

“ते मला आजवर कुणी सांगितलं न्हाई.”

“मलाबी काल कळलं.”

रेश्मा पुन्हा पट्ट्या कापू लागली. सगळ्या पट्ट्या सारख्या मापाच्या. “मी न्हाई ओतणार, आमू,” ती म्हणाली. “जा तू आता. दिवे लागतील.”

*

मंगळवार. सकाळी ९.१७ ला आम्रपालीनं युनिटातल्या चहाच्या शेगडीवर भांडं ठेवलं. अण्णा अजून आले नव्हते. ९.२४ ला पाणी उकळलं. तिनं पाटी बाहेर काढली, ताटलीत ठेवली आणि पाणी ओतलं. साय आधी पांढरी झाली, मग तिच्या कडा वळल्या. वास उकडलेल्या कोबीसारखा. तिनं पाटी परत खाचेत बसवली.

पंचावन्न. एकेचाळीस. एकोणीस. सहा. व्हॉल्व्ह बंद होताना खट् असा आवाज झाला. पाच वर्षांत तिनं तो पहिल्यांदा ऐकला.

सगळ्या युनिटांचे आकडे फोनवर पालिकेच्या फलकात दिसतात, चाळीसच्या वरचे हिरव्या चौकोनात, खालचे लाल. कुणीही बघू शकतं. सहसा कुणी बघत नाही.

९.३१ ला तीन लाल.

९.३८ ला सहा.

९.४४ ला आठ. ९.४६ ला नऊ.

त्यानंतर काही नाही. पावणेदहा वाजून गेले. ज्यांनी हो म्हटलं होतं त्यातल्या कुणाचा मालक लवकर आला असेल, कुणाचा गॅस संपला असेल, कुणी ऐनवेळी भांडं खाली उतरवून त्यात चहापत्ती टाकली असेल. नऊ लाल चौकोन आणि एकोणतीस हिरवे. तिनं रेश्माचा चौकोन पाहिला. हिरवा, त्रेसष्ट.

अण्णा आले. त्यांनी बंद व्हॉल्व्ह पाहिला, ताटली पाहिली.

“काय केलंस हे?”

“साय शिजवली.”

ते खुर्चीत बसले. तिच्या हातातल्या फोनकडे तेही बघू लागले.

९.५६ ला दहावा चौकोन लाल झाला. युनिट क्रमांक तेहतीस. आम्रपालीनं पुन्हा वाचलं. तिच्या सव्वीस नावांत तेहतीस क्रमांक नव्हता. त्या युनिटात तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

*

९.५७ ला मुख्य वाहिनीवरची सगळी कामं थांबवण्याचा संदेश सुटला.

त्या वेळी चौदा नंबरचं झाकण चार बोटं उचललेलं होतं. कुणालनं मुखवटा घातला होता. जोडीदारांनी मुंडावळ्यांचं म्हणून झालं होतं आणि ते दहा पावलांवर उभे राहून हसत होते, कारण त्यानं त्यांना तिथंच उभं राहायला सांगितलं होतं. त्याच्या कमरेचा मीटर झाकणाच्या कडेशी अठरावर गेला. पाचवर गेला की वाजायला हवा असा तो मीटर वर्षभर कपाटात होता, तरी वाजला. कुणालनं झाकण खाली सोडलं आणि चालत बाजूला झाला. हसणं थांबलं होतं.

त्या मंगळवारी त्याचं डोकं दुखलं नाही.

*

साडेदहापर्यंत फलकावर एकतीस लाल चौकोन होते. रेश्माचा १०.११ ला पडला. तोवर काम थांबून चौदा मिनिटं झाली होती आणि तिनं ओतायची गरज उरली नव्हती.

*

बाटल्या परत आल्या. अडतीस नमुन्यांपैकी अकरात सायनाइड मर्यादेपेक्षा जास्त होतं. सगळ्यात जास्त चौगुल्यांच्या युनिटात, नळी जागेवर असताना आणि हायपो चालू असताना. चौदा आणि आठ नंबरच्या चेंबरमधल्या पाट्यांवर जे कूळ सापडलं ते एकच होतं.

*

चौकशीचा अर्ज चार पानी होता. ईश्वरी प्रश्न वाचायची, आम्रपाली उत्तर द्यायची, ईश्वरी लिहायची.

जैवपटल किती युनिटांना दिले? सव्वीस.

तेहतीस क्रमांकाला? नाही. तिथल्या सायवालीनं रेश्मा मुल्लाणीकडून घेतलं, असं ती म्हणते; ओतायचंही तिकडूनच कळलं.

मोबदला? नाही.

नियम १९ माहीत होता? हो.

मग का दिले?

“मागितलं म्हणून,” ती म्हणाली. ईश्वरीनं तेच लिहिलं.

पहिल्या वेळी, ऑगस्ट २०३८, जैवपटल मुल्लाणी यांच्या युनिटपर्यंत कोणी वाहून नेले?

“मी.”

“मध्ये साडेतीन किलोमीटर आहेत.”

“चालत गेले.”

“पाणी गार झालं तर साय मरते ना?”

“ओढणीत गुंडाळला होता डबा.”

ईश्वरीनं तिच्याकडे पाहिलं. पालिकेच्या कर्मचाऱ्यानं जैवपटल हलवलं असेल तर थेट बडतर्फी, हे तिसऱ्या पानावर छापलेलं होतं. दोघींच्या मध्ये ते पान उघडंच होतं.

“मुल्लाणींनी पण हेच सांगितलं आहे,” ईश्वरी म्हणाली. “शब्दशः. ओढणीसकट.”

“खरं तेच सांगितलं असणार.”

ईश्वरीनं ‘स्वतः’ असं लिहिलं आणि पान उलटलं.

*

नियम १९ (अ). जैवपटलाची देवाणघेवाण, ‘विरजण’ किंवा अन्य कोणत्याही नावाने, दंडनीय राहील.

नियम २२ (नवीन). मुलामा दिलेले पैंजण धुतल्यावर घुंगरांची फट खाली करून टांगावेत व चाळीस सेकंद झटकावेत. झटकलेले पाणी पहिल्या टाकीतच परत घ्यावे.

नियम २७ मधला ऐच्छिक हा शब्द काढला.

*

आम्रपालीचं सर्टिफिकेट रद्द झालं. ती आता चौगुल्यांकडेच पैंजण झटकायच्या कामाला आहे. चाळीस सेकंद मोजायला भिंतीवर घड्याळ आहे, पण ती मनात मोजते. त्या दिवाळीला रूपेवाडीतून पैंजण बाहेर गेले नाहीत. रेश्माच्या अकरा बायकांपैकी तिघी परत आल्या नाहीत. रेश्मा आम्रपालीशी बोलते, फक्त फोन करत नाही; काही हवं असलं तर समोर येऊन मागते.

*

ऑगस्ट २०३८ मध्ये सायीचा पहिला डबा रेश्माच्या युनिटात कुणालनं नेला, पालिकेच्या गाडीवरून, गार होऊ नये म्हणून शर्टाच्या आत पोटाशी धरून.